पालक जुडीने विकायचा की प्रत लावून किलोने?

काळी माती (पुरंदर)

गेल्या आठवड्यात घरच्या वजनकाट्यावर पालकाच्या दोन जुड्या ठेवून पाहिल्या. एक माझ्या वाफ्यातली, दुसरी बांधापलीकडच्या भावकीच्या शेतातली. माझी 340 ग्रॅम भरली, त्यांची 210. दोन्ही माल एकाच टेम्पोने रात्री पुण्याला मार्केट यार्डात गेला. सकाळी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, आली तर दोघांनाही 700 रुपये शेकडा, म्हणजे शंभर जुड्यांना.

माझ्या जुडीत पिवळं पान नव्हतं. चार बायका दुपारी तीनपासून निवडत बसल्या होत्या. मुळं छाटलेली, आत गवताची काडी नाही. पुढच्या तोडणीला मी हे सगळं परत का करावं, ते मला कुणी सांगितलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पालेभाजी जुडीने विकायची पद्धत मोडायला हवी. किलोने विका आणि प्रत ठरवा. अमेरिकेच्या शेती खात्याने जुडीच्या पालकासाठी 'यू.एस. नंबर 1' आणि 'नंबर 2' अशा प्रती ठरवून ठेवल्यात. सुट्या पानांसाठी 'एक्स्ट्रा नंबर 1' ही आणखी वरची. पानं एका जातीची आहेत का, पिवळी किती, फुलदांडा निघालाय का, माती, सड, किडीची भोकं, सगळं लिहून ठेवलेलं. आपल्याकडे द्राक्षाला प्रत आहे, डाळिंबाला आहे, कांद्याला आहे. मग पालकालाच का नाही?

गाळा नंबर विसरा

दादा, मी पालेभाजीच्या बाजारात पंचवीस वर्षं उभा आहे. तुमचा राग समजतो, पण किलोचा आग्रह धरू नका. त्यात तुमचंच नुकसान आहे.

पालक म्हणजे निम्मंअधिक पाणीच. तोडल्यापासून बाजारात येईपर्यंत तो सुकत जातो. संध्याकाळी शेतात 100 किलो भरलेला माल पहाटे तेवढा भरत नाही. ती घट कुणाच्या नावावर टाकायची? आणि वजनावर भाव मिळतो म्हटलं की पोत्यावर पाणी मारून आणणारे उद्याच उभे राहतील. आज पाणी मारतात ते माल टवटवीत राहावा म्हणून, उद्या वजनासाठी मारतील. आतला पाला चिकट होऊन दुपारपर्यंत सडेल.

जुडी हातात घेतली की अनुभवी माणसाला कळतं. देठ मोडून बघतो, बुडाशी नाक नेतो. पहाटे तीन ते सहा एवढ्यात सगळा पालेभाजीचा व्यवहार उरकायचा असतो. त्यात प्रत लावत बसलो तर माल उन्हात सापडेल. चांगल्या जुडीला शेकड्यामागे शंभर-दीडशे वर मिळतात, रोज मिळतात. तुम्हाला त्या दिवशी मिळाले नाहीत, कारण आवक जास्त असेल.

काळी माती (पुरंदर)

आवक जास्त असली की चांगला आणि वाईट माल एकाच भावात जातो, हेच तर मी म्हणतोय. टंचाईत काहीही विकलं जातं. प्रतीची गरज मालाची रेलचेल असते तेव्हाच.

सॅलिनासहून

मी मूळचा साताऱ्याचा. कॅलिफोर्नियात पालेभाज्या धुऊन पिशवीत भरण्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो. काळी माती यांनी इथल्या प्रतींचा दाखला दिला म्हणून लिहितोय, आणि मी त्यांच्या विरोधात आहे.

इथला पालक उन्हाळ्यात सॅलिनासच्या खोऱ्यातून येतो, हिवाळ्यात अ‍ॅरिझोनातल्या युमाहून. बेबी स्पिनॅचचं, म्हणजे कोवळ्या पानांच्या पालकाचं, बी इतकं दाट पेरतात की एकरी 35-40 लाख बिया पडतात. महिन्याभरात पट्ट्याच्या करवतीसारखं पातं असलेलं यंत्र गादीवाफ्यावरून फिरतं आणि पानं सरकत्या पट्ट्यावरून क्रेटमध्ये जातात. शून्य अंशाच्या आसपास थंड केला, हवेत ओलावा भरपूर ठेवला, तर दहा ते चौदा दिवस टिकतो. इथे किलोचा व्यवहार चालतो तो या थंडाव्यामुळे. शेतापासून दुकानापर्यंत साखळी तुटत नाही. गाळेवाल्या काकांचं घटीचं म्हणणं अगदी खरं आहे.

पण मला सांगायचं आहे ते 2006 सालाबद्दल. त्या वर्षी 14 सप्टेंबरला इथल्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना सांगितलं, पिशवीतला ताजा पालक खाऊ नका. ई. कोलाय ओ157:एच7 या जिवाणूने 26 राज्यांत मिळून जवळपास 200 माणसं आजारी पडली, तिघांचा जीव गेला. कित्येकांची मूत्रपिंडं बाधित झाली. शोध घेत घेत तपास सॅन बेनिटो काउंटीतल्या एका शेतापर्यंत पोहोचला. पालकाचा तो तुकडा 3 एकरांहूनही कमी. आसपास गुरांचं कुरण. गुरांच्या शेणात, रानडुकरांत आणि नदीच्या पाण्यात तोच जिवाणू सापडला. तो पालकापर्यंत नेमका कसा आला, याचा पक्का निकाल शेवटपर्यंत लागला नाही.

तो पालक दिसायला उत्तम होता. हिरवागार, एकसारखा, धुतलेला. प्रत लावणाऱ्याने त्यात एक खोड काढली नसती. 2007 मध्ये कॅलिफोर्नियाने पालेभाज्यांसाठी करार केला, त्यात पानाच्या रंगाचा विषयच नाही. पाण्याची चाचणी, गुरांपासूनचं अंतर, शेतात जनावरांचा माग दिसला तर तेवढा पट्टा न कापणं, मजुरांसाठी हात धुण्याची सोय. आणि यू.एस. नंबर 1 ही प्रत मुळात ऐच्छिक आहे. आमच्याकडे चालतात त्या खरेदीदाराच्या स्वतःच्या अटी.

म्हणून दादा, मागायचंच असेल तर विहिरीच्या पाण्याची तपासणी मागा, आणि ज्याचं पाणी स्वच्छ त्याला भाव मागा.

माहेर दादर

हे वाचून अंगावर काटा आला. मुंबईत लोकलमधून जाताना रुळांलगत पालक, लाल माठ, मुळा लावलेला वर्षानुवर्षं बघतेय. नाल्याचं पाणी उपसून त्यावर टाकताना डोळ्यांनी पाहिलंय. आणि खरं सांगू? दिसायला तो पालक सगळ्यांत तजेलदार असतो. रुंद पान, काळपट हिरवं. भाजीवालीकडे शेजारी शेजारी दोन ढीग असतील तर नवी सून तोच उचलेल.

मला किलोशीही देणंघेणं नाही आणि नंबर 1 शीही. हा कुठल्या पाण्यावरचा आहे, एवढं जुडीवर लिहून द्या. मी पाच रुपये जास्त देईन.

निवृत्त कृषी पदवीधर

इथे एक मूलभूत घोळ होतोय, तो आधी सोडवतो.

आपण ज्याला पालक म्हणतो तो बहुतांशी अमेरिकेतला स्पिनॅच नाही. 'ऑल ग्रीन', 'पुसा ज्योती', 'जोबनेर ग्रीन' हे सगळे वाण बीटाच्या जातीचे, शास्त्रीय भाषेत बीटा व्हल्गॅरिस. स्पिनॅच म्हणजे स्पिनॅशिया ओलेरेसिया, आपण त्याला विलायती पालक म्हणतो. तो मूळचा इराणकडचा. चिनी लोक त्याला जुन्या काळी 'पर्शियाची भाजी' म्हणायचे, आणि आज जगातला 90 टक्क्यांहून जास्त पालक चीनच पिकवतो. विलायती पालक थंडीचा. दिवस मोठा झाला आणि ऊन वाढलं की लगेच फुलावर येतो. आपला ऑल ग्रीन पेरल्यापासून महिन्याभरात पहिल्या कापणीला येतो, मग दर पंधरा-वीस दिवसांनी कापा, सहा-सात कापण्या देतो. पहिल्या कापणीचं पान आणि पाचव्या कापणीचं पान यांत जमीन-अस्मानाचा फरक. एका पिकाचे निकष दुसऱ्यावर कसे लावणार?

आता काळजीचा मुद्दा. तुम्ही रंगावर प्रत लावलीत की शेतकरी युरिया वाढवणार. आत्ताही प्रत्येक कापणीनंतर मूठभर फेकतातच. युरियाने पान गडद होतं, रुंद होतं, वजनही भरतं. त्याबरोबर पानात नायट्रेटही साठतं. युरोपीय संघाने ताज्या पालकाला किलोमागे 3500 मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा घातली आहे, गोठवलेल्याला 2000. ही मर्यादा डोळ्यांनी दिसत नाही. जो पालक डोळ्यांना पहिल्या प्रतीचा, तोच प्रयोगशाळेत नापास व्हायची शक्यता अशी प्रत आपण होऊन वाढवते. दादरच्या ताईंनी रुळांलगतचा जो काळपट हिरवा पालक पाहिला, त्यामागेही नाल्याच्या पाण्यातलं नत्र असणार.

विदर्भातली वांगी

सर, थोडं थांबा. युरोपातली नायट्रेटची अडचण मुख्यतः तिथल्या अंधाऱ्या हिवाळ्याची आणि काचघरांची आहे. पानावर ऊन पडलं की झाड नायट्रेट वापरून टाकतं. आपल्याकडे ऊन कमी पडतंय असं कोण म्हणेल? युरोपचा आकडा दाखवून इथल्या शेतकऱ्याला घाबरवू नका.

निवृत्त कृषी पदवीधर

उन्हाचा मुद्दा मान्य. म्हणूनच दिवसभर ऊन खाल्लेला, संध्याकाळी कापलेला पालक पहाटे कापलेल्यापेक्षा बरा, आणि पुण्याला जाणारा बराचसा माल दुपारनंतरच कापला जातो हे चांगलंच आहे. पण पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हाही युरिया पडतो. देठात नायट्रेट पानापेक्षा जास्त असतं. जुडीत देठच लांब असतो.

फुकुओका-नाशिक

जपानमध्ये दहा वर्षं आहे. इथला मार्ग या दोन्ही बाजूंच्या मधला आहे, म्हणून सांगते.

इथे पालक मुळाच्या लालसर बुडख्यासकट येतो आणि दुकानात साधारण 200 ग्रॅमच्या उभट पिशवीत असतो. म्हणजे जुडीच, पण वजन ठरलेली जुडी. पानांची टोकं वर, बुडखे खाली, सगळे एका रेषेत. शेतकरी संस्था लांबीनुसार वर्ग पाडते. थंडीच्या भागात हरितगृहाचे पडदे मुद्दाम उघडून पिकाला गारठा देतात, त्याने पानात साखर वाढते. तो पालक वेगळ्या नावाने, वेगळ्या भावाने विकतात. चवीला भाव मिळतो हे मी पहिल्यांदा इथे पाहिलं.

पण शेजारच्या आजींच्या शेडमध्ये मी बसलेय. दिवसातला बराच वेळ खालची पानं काढणं, पुसणं, पिशवीत सरकवणं यातच जातो. पेरणी-कापणीला त्यामानाने काहीच नाही. त्यांचा मुलगा टोमॅटोकडे वळला तो याच कामाला कंटाळून.

आणि 2002 साली याच जपानात चीनहून आलेल्या गोठवलेल्या पालकात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सापडलं. मर्यादा होती 0.01 पीपीएम, म्हणजे किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. आयात थांबली, त्याच वर्षी कायदा बदलला. तो पालकही दिसायला नीटनेटकाच होता. सॅलिनासच्या दादांचं म्हणणं इथेही लागू पडतं.

गाळा नंबर विसरा

ठरावीक वजनाची जुडी, हे मला पटलं. त्याला तराजू गाळ्यावर लागत नाही, शेतात लागतो. रोज एकाच शेतकऱ्याची जुडी एकसारखी आली की गिऱ्हाईक नाव विचारत येतं. अशी दोन-तीन गावं माझ्याकडे आहेत. त्यांचा टेम्पो लागायच्या आधी बोली ठरलेली असते.

पण पाण्याच्या तपासणीचा खर्च दहा-वीस गुंठेवाला कुठून करणार? द्राक्षवाल्याला परदेशातून पैसा येतो. पालकवाल्याचा माल सकाळी येतो आणि संध्याकाळी कढईत जातो.

सॅलिनासहून

एकट्याने नाही करायचा. एका ओढ्यावर, एका कालव्यावर जेवढी शेतं आहेत तेवढ्यांनी मिळून एक नमुना द्यायचा. पाणी एकच असताना वीस चाचण्या कशाला?

काळी माती (पुरंदर)

सगळ्यांचं वाचलं, दोन रात्री वाचलं. किलोचा हट्ट मी सोडतोय. घटीचा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता. रंगावर प्रत नको, हेही पटलं. मी स्वतः कापणीनंतर युरिया टाकतो आणि पान काळंभोर झालं की समाधान वाटतं, हे कबूल करतो.

पण प्रतच नको, हे मी मानणार नाही. पिवळं पान, गवत, चिखल, फुलदांडा हे युरियाने झाकलं जात नाही. ते निवडावंच लागतं, आणि ते काम आमच्या घरातल्या बायका पाठ मोडेपर्यंत करतात. पालक सुरक्षित आहे का हा एक प्रश्न, आणि त्या बायकांच्या दुपारची किंमत काय हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देताना दुसरा बाजूला सरकवू नका.

बुधवारी तोडणी आहे. शंभर जुड्या 250 ग्रॅमच्या बांधणार, देठ आखूड ठेवून. गावाचं नाव आणि 'विहिरीचं पाणी' एवढी चिठ्ठी वक्कलावर, म्हणजे मालाच्या त्या ढिगावर, लावणार. बाकीचा माल नेहमीसारखा. दोन्हीची पट्टी इथे लिहीन. सर, शेवटचा युरिया आणि कापणी यांत किती दिवस ठेवू ते तेवढं मंगळवारच्या आत सांगा.