दुकानातला 'क्रिब' आणि क्रिबीचा क्रिबेन्सिस: जोडी लावण्याआधी वाचा

तळ्यात_मळ्यात
काल इथे एकाने टाकीतल्या माशांचा फोटो टाकून विचारलं, "माझ्या मादीला हा नर चालेल का?" लगेच उत्तर आलं, "दोन्ही क्रिबच आहेत, बिनधास्त सोडा. नावात काय ठेवलंय!" आणि त्यावर माना डोलावणाऱ्यांची रांग. मला राहवलं नाही.

मादी पुल्चर जातीची होती. भरदार अंग, तोंडापासून शेपटीपर्यंत रुंद काळा पट्टा, पोट गडद लालसर. नर सडपातळ, आणि खवल्या-खवल्याला काळसर काठ, जणू अंगावर बारीक जाळी पांघरलीय. तो खरा क्रिबेन्सिस, कॅमेरूनचा. ज्या क्रिबी गावावरून हे नाव आलं ते कॅमेरूनच्या किनाऱ्यावर आहे. दुकानात 'क्रिबेन्सिस' किंवा थोडक्यात 'क्रिब' म्हणून मिळतो तो पुल्चर, मूळचा दक्षिण नायजेरियाकडचा. दुसऱ्याचं नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

ही जोडी जमते, हेच दुखणं आहे. माझ्याकडे जमली होती. मादी टाकीत ठेवलेल्या करवंटीत शिरली, छताला अंडी चिकटवली, मी खूश. पिल्लं बोटभर झाली तेव्हा दिसलं: ना धड जाळी, ना धड पट्टा. तोवर निम्मी वाटून झाली होती. आज कुणाच्या टाकीत ती 'शुद्ध क्रिबेन्सिस' म्हणून वाढतायत, मला ठाऊक नाही. ते अजून टोचतं.

पाणशेवाळ
ते उत्तर माझंच होतं. एवढं तापायचं कारण कळलं नाही. मत्स्यशास्त्रज्ञ बूलेन्जरने 1911 मध्ये क्रिबेन्सिस हे नाव दिलं. पुढे तो टेनिएटस या जवळच्या जातीतच धरला गेला. 2014 मध्ये पुन्हा वेगळा काढला, आणि त्याच वेळी 'वूरी' या कॅमेरूनच्या नदीच्या नावाने पाळला जाणारा मासा ड्राखेनफेल्सी ही नवी जात झाला. त्याआधी तुम्ही स्वतः टेनिएटसच म्हणत होतात ना? शंभर वर्षं अभ्यासकांचं एकमत होईना, आणि नवशिक्याने चुकलं की गुन्हा? आधी त्याला मासा जगवू द्या.

गाळवाट
फोटोवरून छातीठोक सांगणाऱ्या दोन्ही बाजूंना एक विनंती. दुकानातला मासा घाबरलेला, फिकट. जाळी दिसायला तो टाकीत रुळावा लागतो. शेपटीवरचे ठिपके मोजू नका: पुल्चर नराच्या शेपटीच्या वरच्या भागात ते असतात, पण एकाला तीन तर त्याच्या सख्ख्या भावाला एकही नाही. गालाच्या रंगावरही जाऊ नका. पुल्चरमध्येच लाल गालाचे आणि पिवळ्या गालाचे नर असतात. वागणंही निराळं: लाल गालाचा कधी कधी एकाहून जास्त माद्या राखतो, पिवळा दुसऱ्याच्या हद्दीत दुय्यम नर बनूनही राहतो. मी वर्षभर त्यांना दोन जाती समजून वेगळ्या टाक्यांत ठेवलं होतं.

मी मादी बघतो, तीही रंगात आल्यावर. सबऑसेलेटस या याच भावकीतल्या जातीची मादी नराला खुणावताना अंगाने फिकी पडते आणि पोटाच्या लालीला पुढून-मागून काळी चौकट येते. एकदा पाहिलं की विसरत नाही.

एकटा_नर
जात राहू द्या हो. माझ्या पुल्चरच्या पिल्लावळीत 41 पैकी 36 नर निघाले! ज्याच्याकडून जोडी घेतली त्याने फसवलं. असला माल विकणाऱ्यांबद्दल कुणी का बोलत नाही?

गाळवाट
पाणी कसलं होतं?

एकटा_नर
बदामाची पानं, काळपट पाणी, पीएच साडेपाच. नदीसारखं हवं म्हणून मुद्दाम केलं.

गाळवाट
मग विकणाऱ्याला शिव्या कशाला? पुल्चरची पिल्लं अगदी लहानपणी आम्ल पाण्यात वाढली की नर जास्त निघतात. प्रयोगांत दिसलेली गोष्ट आहे.

पाणशेवाळ
प्रयोग प्रयोगशाळेत. माझ्याकडे पीएच सहाच्या टाकीत तीन वेळा पिल्लं झाली, प्रत्येक वेळी साधारण निम्मी-निम्मी.

गाळवाट
कल जास्त असतो म्हटलं, प्रत्येक वेळी तसंच होतं असं नाही. आणि पीएच कधी मोजलात? अंडी दिली तेव्हा, की पिल्लं फिरायला लागल्यावर?

पाणशेवाळ
म्हणजे मी खोटं बोलतोय?

एकटा_नर
दोन महिने रोज पाणी बदललं मी. आता सगळे एकमेकांचे पर फाडतायत, दर आठवड्याला एक मरतोय. आणि इथे सांगताय की चूक माझीच.

गाळवाट
चूक म्हणत नाही. मेहनत चांगलीच होती. पुढच्या वेळी पिल्लांना साडेसहा-सातच्या आसपास वाढवा, एवढंच.

तळ्यात_मळ्यात
नर-मादीचा वेगळा धागा काढा, मी स्वतः तिथे येतो. पाणशेवाळ, तुमचं एक मान्य, मनाविरुद्ध मान्य. मीही 2014 पर्यंत टाकीवरच्या चिठ्ठीत 'टेनिएटस मोलीवे' असंच लिहीत होतो; मोलीवे हे कॅमेरूनमधलं गाव. पण त्या चिठ्ठीतलं काय बदललं ते बघा. टेनिएटस गेलं, क्रिबेन्सिस आलं. 'मोलीवे' तसंच राहिलं. मासा कुठल्या पाण्यातून आला हे लिहिलेलं होतं, म्हणून नवं नाव लागलं तरी माझी टाकी निराधार झाली नाही. 'वूरी' लिहून ठेवणाऱ्यांनाही ड्राखेनफेल्सी लगेच सापडला. ज्यांनी नुसतं 'टेनिएटस' लिहिलं होतं, त्यांना आज काय सांगणार?

पाणशेवाळ
नाव चुकलं तरी चालेल, गाव चुकता कामा नये, असंच ना? हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर मी भांडलो नसतो. तरी नवशिक्यावर ओरडणं मला पटलेलं नाही, आणि पटणारही नाही.

त्या फोटोवाल्याला मी निरोप पाठवलाय, नर वेगळा काढ म्हणून. तो म्हणतो, मादी कालपासून करवंटीबाहेर येत नाहीये.

तळ्यात_मळ्यात
अंडी असतील तर पिल्लं वाढवू दे त्याला, पण कुणाला देऊ नको म्हणावं. एकही नको.

गाळवाट
आणि चिठ्ठी लाव म्हणावं. आई दुकानातली पुल्चर, बाप कॅमेरूनचा, गाव माहीत नाही.