मदत हवी आहे: प्रॉडक्ट पेजवर ग्राहकांचे रिव्ह्यू आपोआप दिसत नाहीयेत

सुईदोरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझं बॅगांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे, वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर (वर्डप्रेस साइटवर दुकान चालवायचं प्लगिन, म्हणजे जोड-प्रोग्राम). बॅगा मीच शिवते आणि साइटही मीच सांभाळते, त्यामुळे दोन्हीकडे काही ना काही उसवलेलं असतंच.

आत्तापर्यंत ग्राहकांच्या मेलमधलं कौतुक उचलून मी प्रॉडक्टच्या वर्णनाखाली हाताने चिकटवत होते. प्रॉडक्ट्स साठच्या वर गेल्यावर हे झेपेना. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन रिव्ह्यू चालू केले. आता ग्राहक लिहील आणि ते त्या-त्या पेजवर आपोआप दिसेल, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात झालं ते असं:

काही प्रॉडक्ट्सवर रिव्ह्यूचा टॅब आहे, काहींवर नाहीच. सेटिंग तर सगळ्यांना एकच आहे.

एका ताईंनी रिव्ह्यू लिहिला आणि "मला दिसतोय की!" म्हणून स्क्रीनशॉटही पाठवला. मी माझ्या फोनवर तेच पेज उघडलं तर काही नाही. डॅशबोर्डच्या कमेंट्समध्येही काही सापडलं नाही.

जुने चिकटवलेले अभिप्राय रिव्ह्यूच्या जागी आणण्यासाठी मी एकाला काम दिलं होतं. त्याने ते थेट डेटाबेसमध्ये घातले. आता टॅबमध्ये सात रिव्ह्यू दिसतात, पण टॅबच्या नावापुढे कंसात ० आणि एकाही रिव्ह्यूला तारे नाहीत. तो गृहस्थ आता फोन उचलत नाही.

आणि शेवटचं. ४ किंवा ५ तारे असतील तेच रिव्ह्यू आपोआप दिसावेत, बाकीचे आधी माझ्याकडे यावेत, अशी काही सोय आहे का? जाणकारांनी मार्ग दाखवावा. पैसे भरून घ्यायचं प्लगिन हा शेवटचा उपाय असू दे.

आगाऊ धन्यवाद.

सांजवारा

माझाही हाच घोळ चालू आहे. वाचतोय.

खटपट्या

प्लगिन वगैरे काही घेऊ नका. आहे त्यातच होईल.

आधी स्क्रीनशॉटचं. तो पुन्हा उघडा आणि रिव्ह्यूवर त्या ताईंचं नाव कुठे लिहिलंय ते बघा. माझी पैज आहे की नावाच्या जागी तिरप्या अक्षरांत "तुमचा रिव्ह्यू मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे" अशा अर्थाची ओळ असेल. मंजूर न झालेला रिव्ह्यू लिहिणाऱ्याला स्वतःला दिसतो, बाकी जगाला नाही. म्हणून ग्राहक म्हणतो दिसतोय, आपण म्हणतो दिसत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तो अडकला कुठे, तर वर्डप्रेसच्या डिस्कशन सेटिंगमध्ये. तिथे दोन खुणा बघा. एक, प्रत्येक कमेंट हाताने मंजूर करायची. दुसरी जास्त फसवी: लिहिणाऱ्याची आधी एखादी कमेंट मंजूर झालेली असली पाहिजे. ही मुळातच चालू असते. ब्लॉगला ती शहाणपणाची आहे, कारण तिथे तीच ती माणसं येतात. दुकानात जवळपास प्रत्येक ग्राहक पहिल्यांदाच लिहीत असतो, म्हणजे प्रत्येक रिव्ह्यू अडकणार. शिवाय मजकुरात दोन किंवा जास्त लिंक असतील तरी तो थांबवला जातो, पण ते तसंच राहू द्या.

डॅशबोर्डमध्ये सापडला नाही कारण तुम्ही कमेंट्समध्ये शोधलात. नव्या वूकॉमर्समध्ये प्रॉडक्ट्सच्या मेनूखाली रिव्ह्यूची वेगळी यादी असते. तिथे बहुधा रांग लागलेली असेल.

टॅब नसण्याचं कारण वेगळं. रिव्ह्यू घ्यायचे की नाही हे प्रत्येक प्रॉडक्टवरही ठरतं: प्रॉडक्ट डेटाच्या चौकटीत ॲडव्हान्स्डमध्ये. वरचं सेटिंग म्हणजे घराचा मेन स्विच, खोलीतलं बटण बंद असेल तर दिवा लागायचा नाही. जी प्रॉडक्ट्स तुम्ही शीटवरून इम्पोर्ट केलीत तीच नेमकी बिनटॅबची आहेत का?

सुईदोरा

खटपट्या, पैज जिंकलात. नावाच्या जागी खरंच ती ओळ आहे, मी दहा वेळा स्क्रीनशॉट बघूनही नजरेतून सुटली. रांगेत ११ रिव्ह्यू सापडले. सगळ्यात जुना चार महिन्यांपूर्वीचा. लाज वाटली.

आणि हो, बिनटॅबची सगळी इम्पोर्टवाली आहेत.

खटपट्या

मग सोपं आहे. सगळी प्रॉडक्ट्स सीएसव्हीत (शीटमध्ये उघडणारी साधी फाइल) एक्स्पोर्ट करा. त्यात ग्राहकांना रिव्ह्यू लिहू द्यायचे का, असा एक रकाना असतो. जिथे ० आहे तिथे १ करा आणि फाइल परत इम्पोर्ट करा. इम्पोर्ट करताना "आहेत ती प्रॉडक्ट्स अपडेट करा" ही खूण विसरू नका. आधी बॅकअप घ्या, हे सांगायला नको, तरी सांगतो.

एक धोका मात्र. मंजुरी काढून टाकलीत की स्पॅम येणार. म्हणून लोक "फक्त पडताळलेल्या खरेदीदारांनाच रिव्ह्यू लिहिता येईल" ही खूण लावतात. ती लावली की फॉर्म फक्त लॉगिन केलेल्या आणि ते प्रॉडक्ट घेतलेल्या ग्राहकालाच दिसतो. तुमच्याकडे खातं न उघडता ऑर्डर देता येते का? येत असेल तर तसे सगळे ग्राहक बाहेरच राहतील. ही खूण काढलीत आणि नुसता "पडताळलेला खरेदीदार" असा शिक्का दाखवायचं सेटिंग ठेवलंत, तर ऑर्डरचाच ईमेल टाकून लिहिणाऱ्या पाहुण्यालाही शिक्का मिळतो. मी तसंच ठेवलंय, सोबत एक स्पॅम गाळणारं प्लगिन.

निमूट

डेटाबेसवाल्याबद्दल.

वूकॉमर्सचा रिव्ह्यू म्हणजे आतून वर्डप्रेसची कमेंटच. तारे त्याच ओळीत नसतात, ते कमेंटमेटाच्या (कमेंटच्या जादा माहितीच्या) टेबलात "रेटिंग" या नावाने वेगळे असतात. त्या गृहस्थाने नुसता मजकूर घातला, म्हणून तारे नाहीत. आणि कंसातला आकडा दर वेळी मोजला जात नाही. तो प्रॉडक्टसोबत मोजून साठवलेला असतो आणि रिव्ह्यू आला, मंजूर झाला किंवा काढला की नव्याने मोजला जातो. मागच्या दाराने घातलेल्या ओळींचा वूकॉमर्सला पत्ताच नसतो. त्या सातांपैकी एक नामंजूर करून पुन्हा मंजूर करा, आकडा जागेवर येईल.

आता ताऱ्यांचं. कमेंटमेटात ते घालता येतात, पण मुळात त्या मेलमध्ये ग्राहकांनी तारे दिले होते का?

सुईदोरा

नाही. "बॅग फार आवडली" असं लिहिलं होतं. त्याचे पाच धरायचे ना?

निमूट

नाही धरायचे. आवडली म्हणणारा चारही देतो. तारे नसलेला रिव्ह्यू सरासरीत धरलाच जात नाही, त्यामुळे तसेच ठेवले तर काही बिघडत नाही. आणि ते मेल जाहीरपणे छापायला त्या माणसांची हरकत नाही ना, हेही एकदा विचारून घ्या.

चौकस

चौथ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते. कृपया हलके घ्या.

फक्त ४-५ तारे आपोआप दाखवणारी प्लगिन्स मिळतात. घेऊ नका. आयएसओ २०४८८ नावाचं २०१८ चं मानक खास ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीच आहे, आणि चांगले-वाईट दोन्ही रिव्ह्यू सारख्याच निकषांवर छापणं हा त्यातला गाभ्याचा भाग. मानक पाळणं ऐच्छिक आहे, पण काही देशांत रिव्ह्यू दडपणं कायद्यातही अडकतं.

ते सोडा, धंद्याचं बघा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगेल संशोधन केंद्राने २०१७ मध्ये दाखवलं की खरेदीची शक्यता ५ ताऱ्यांना नाही, तर साधारण ४.० ते ४.७ च्या दरम्यान सगळ्यात जास्त असते. निखळ पाच दिसले की लोकांना वास येतो. मी स्वतः काही घेताना आधी ३ तारेवाले वाचते, कारण खरी माहिती तिथेच असते.

अडवायचंच असेल तर शिवीगाळ, कुणाचा फोन नंबर, भलत्याच प्रॉडक्टबद्दलचं लिखाण अडवा.

अवांतर: रांगेतल्या ११ मध्ये कमी ताऱ्यांचे किती आहेत?

सुईदोरा

एकच. ३ तारे. मजकूर जसाच्या तसा देते: "शिलाई मजबूत, कप्पे हुशारीने केलेत. पण चेन कोपऱ्यावर वळताना अडकते, एका हाताने उघडता येत नाही." तीन महिने हा माझ्या डॅशबोर्डात पडून होता आणि मी त्याच चेनच्या आणखी चाळीस बॅगा शिवल्या.

चौकस

छापा तो. खाली उत्तरही लिहा.

सुईदोरा

छापला. "कोपऱ्याची गोलाई वाढवून बघतेय, तुमची बॅग परत पाठवलीत तर चेन बदलून देईन" असं खाली लिहिलं.

बाकी सगळं केलं. सीएसव्हीने टॅब आले, आकडा ० वरून ७ झाला, मंजुरीच्या दोन्ही खुणा काढल्या. पण नवीन घोळ: मी लॉगिन असताना नवे रिव्ह्यू दिसतात, इनकॉग्निटोमध्ये नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी आपोआप दिसायला लागतात.

खटपट्या

कॅश, म्हणजे पानाची साठवून ठेवलेली प्रत. लॉगिन केलेल्याला बहुतेक कॅश प्लगिन ताजं पान देतात, बाकीच्यांना साठवलेलं. रिव्ह्यू मंजूर झाला की त्या प्रॉडक्टचं पान कॅशमधून काढायचं, असा पर्याय प्लगिनमध्ये शोधा. पुढे सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) असेल तर तिथलीही कॅश रिकामी व्हायला हवी, नाहीतर प्लगिनने केलेलं तिथे पोचत नाही. तोवर प्रॉडक्ट पेजची कॅश एका तासावर आणा.

निमूट

जाता जाता: गूगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये एखादं पेज टाकून बघा. वूकॉमर्स सरासरी आणि संख्या जेसन-एलडीमध्ये (सर्च इंजिनसाठी पानात लपवलेली माहिती) स्वतःच देतं, पण पेज बिल्डरने पान बनवलं असेल तर कधी ते गळतं, आणि एसइओ प्लगिन असेल तर कधी दोनदा येतं. बरोबर असलं तरी शोधात तारे दिसतीलच अशी हमी गूगल देत नाही.

सुईदोरा

सीडीएनच होतं. तिथली कॅश उडवली आणि इनकॉग्निटोमध्ये चेनवाला रिव्ह्यू, माझ्या उत्तरासकट, लगेच दिसला. टेस्टमध्ये सरासरी दोनदा येतेय, ते उद्या बघते.

ऑर्डर पोचल्यावर काही दिवसांनी रिव्ह्यू मागणारा मेल आपोआप जावा, असंही करायचंय. त्याला वेगळा धागा काढू का?

खटपट्या

काढा. पण त्याआधी होस्टिंगवर खरा क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) लावून ठेवा. वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन कुणी साइट उघडली तरच चालतो, रात्री कुणी फिरकलं नाही तर मेल सकाळपर्यंत बसून राहतो.

सांजवारा

माझ्या रांगेत २६ निघाले.