विषय: मुंबईतल्या आईला काय पाठवावं?

मंडळी, नमस्कार.
आई ७८ वर्षांची, परळला चाळीत एकटीच. बाबा गेल्यापासून दिवसभर टीव्ही. मंडळातर्फे तिकडच्या आईवडिलांना रंगवायची पुस्तकं, मण्यांचे संच असं काही पाठवू या का? जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली ३,०००हून अधिक अभ्यास धुंडाळून कलांचा तब्येतीला फायदा होतो असं म्हटलंय.
— टोरांटोहून

ताई,
आगाऊपणा करतो, कारण मी सध्या लालबागला आईकडेच आहे. रंगवायचं पुस्तक मीही आणलं होतं. तिने ते नातीसाठी कपाटात जपून ठेवलं! "हे करून द्यायचं कुणाला?"

तिला गोडी लागली ती गोधडीची. दुपारची जेवणं उरकली की गॅलरीत पाच जणी जमतात. खालच्या मजल्यावर बाळंतीण आहे, बारशाच्या आत दुपटं व्हायला हवं. आईला सुईत दोरा ओवता येत नाही. शेजारचा मुलगा शाळेत जाण्याआधी दहा सुया ओवून उशीला टोचून जातो. एकीचा धावदोरा बोटभर लांब पडतो, मग भांडण, उसवणं, पुन्हा चहा. खाली बसवत नाही म्हणून मोठ्या गोधड्या बंद केल्या. गुडघे काही बरे झालेले नाहीत. पण परवा आई गेली नाही, तर तीनच्या आत दोघी दारात. अंगात ताप होता. मी शेजारच्या खोलीत असून मला पत्ता नाही! आपण फोनवर "बरी आहेस ना?" विचारतो, ती "हो" म्हणते. या बायकांना नुसतं "हो" पुरत नाही.
— लालबागहून

आणि पुरुषांचं काय? माझे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते, १९८२च्या संपात नोकरी गेली. बायकांच्यात ते बसणार नाहीत.
— एडिसनहून

काका, त्यांना बोलवायचंच नाही! गेल्या दिवाळीत आमच्या पोरांनी कंदिलाच्या कामट्या वाकड्या तासल्या, म्हणून एक आजोबा ओरडायला खाली उतरले. वर गेले ते रात्री अकराला, हाताला खळ लागलेली.

ताई, पाठवायचीच तर जुनी सुती पातळं पाठवा. सिंथेटिक नको, सुई सरकत नाही.
— लालबागहून

आईला विचारलं. म्हणाली, "संच नको. माझी पातळं तूच पडदे करायला नेली होतीस, ती आण."
— टोरांटोहून