डीपी रोडमध्ये जागा जातेय, टीडीआर घ्यायचा की भांडायचं?

सातबारावाला:
आमचे 11 गुंठे, त्यातल्या 4 गुंठ्यांवरून डीपी रोड (पालिकेच्या विकास आराखड्यातला रस्ता) गेलाय. म्हणजे कागदावर गेलाय, जागेवर अजून आमचा आंबाच आहे. मी शाळेत होतो तेव्हापासून नकाशात ती पट्टी आहे, आता पोरगी शाळेत जाते. बांधता येत नाही आणि विकायला काढलं की गिऱ्हाईक झोन दाखला बघून परत फिरतं. आता पालिकेला एकदम घाई सुटलीये, टीडीआर (जागेच्या बदल्यात पैशांऐवजी दुसरीकडे जादा बांधकामाचा, विकता येणारा हक्क) घ्या नि ताबा द्या, रोख मागितली तर बजेट नाही म्हणे. रस्त्याला विरोध नाहीये हो, पण असा?

बूच_काढा:
राग मानू नका, पण असल्याच चार-चार गुंठ्यांपायी रस्ते अडतात. पुण्यातला कात्रज-कोंढवा रोड बघा, 84 मीटर रुंद ठरला होता, जागा मिळेना नि पैसे पुरेनात म्हणून 50 वर आणला, आणि तेवढी वर्षं डंपरला चिकटून टू व्हीलर चालवायची आम्ही. पालिकेला हा अधिकार हवाच. आणि रस्ता झाल्यावर उरलेल्या 7 गुंठ्यांचा भाव कुणाचा वाढणारे?

सातबारावाला:
वाढेल तेव्हा वाढेल. टीडीआर घेऊन किराणा भरता येतो का? तो शेवटी बिल्डरलाच विकायचा, आणि एजंट आमच्यासारख्याला पाडूनच मागतो.

कलमबहाद्दर:
दोघंही अर्धंच बोलताय. एमआरटीपी (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) 1966 च्या कलम 126 मध्ये तीन वाटा आहेत: बोलणी करून पैसे, एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं तो हक्क) किंवा टीडीआर, नाहीतर 2013 च्या कायद्याने भूसंपादन. टीडीआर मालकाने मान्य केला तरच, गळ्यात मारता येत नाही. भूसंपादनात बाजारभाव काढून वर तेवढंच सोलेशियम (सक्तीने जागा घेतल्याची जादा भरपाई) द्यावं लागतं, म्हणून तर पालिका टीडीआर टीडीआर करते. आणि प्लॅन मंजूर होऊन 10 वर्षं झाली असतील तर कलम 127 ची पर्चेस नोटीस (जागा घ्या नाहीतर सोडा, अशी) द्या, 24 महिन्यांत हालचाल नाही झाली तर आरक्षण उठतं.

बूच_काढा:
वा, म्हणजे मधला तुकडाच सुटला की दोन्हीकडचं डांबर काय पोहत जाऊन जोडायचं? पालिका झोपली तर शिक्षा रस्त्यावरच्यांना?

कलमबहाद्दर:
झोपलेल्याला उठवायलाच ते कलम आहे ना. 2024 मध्ये कोलकाता पालिकेच्या केसमध्ये (तिथे पार्कसाठी जागा घेतली होती) सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, नुसता अधिकार आहे म्हणून चालत नाही, नोटीस, सुनावणी, योग्य मोबदला, सगळं वेळेत पाहिजे.

बूच_काढा:
बरं, पैसे आधी द्या, मान्य. पण पैसे मिळाल्यावरही वाढीव मोबदल्यासाठी ताबा अडवणाऱ्यांचं काय, तेही बोला की.

सातबारावाला:
आम्ही नाही अडवणार, लिहून देतो. @कलमबहाद्दर नोटिशीला काय काय जोडायचं? सातबारावर तीन आत्यांची नावं आहेत, त्यातली एक बाबांशी बोलत नाही.