मदत हवी आहे: बेरीचा केक मधोमध बसतोय

आठवडाभराची साय साठवून रविवारी तूप कढवते. तळाशी वाटीभर बेरी उरते. लहानपणी आम्ही तीत साखर घालून पातेलं चाटूनपुसून लख्ख करायचो. आमची पोरं नुसत्या वासानंच नाक मुरडतात. टाकवत तर नाही, म्हणून केक.

पहिला फर्मास झाला. परवाच्याला मात्र मधोमध खड्डा, कडा तूपकट नि कडक, सुरी घातली तर आत ओला गोळा! प्रमाण दोन्ही वेळा तेच: एक वाटी बेरी, एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, लागेल तसं दूध, पाव चमचा सोडा, वेलची. एवढ्याशा केकला ओव्हन तापवणं जिवावर येतं. जुन्या कढईत मीठ पसरते, वर स्टँड, त्यावर डबा, झाकण, पाऊण तास. (मीठ काळं पडलंय, पण दोन वर्षं तेच चालवतेय.)

कुठे चुकतंय? आणि या बसलेल्या केकचं काय करू?

प्रतिसाद: दोन्ही वेळी तूप एकाच पद्धतीनं कढवलंत का?

धागाकर्ती: नाही हो. यावेळी विरजण लावून लोणी काढायला वेळ नव्हता, साय तशीच कढवली. बेरी जवळजवळ दुप्पट निघाली. गाळलीही घाईघाईत.

प्रतिसाद: मग तिथेच आहे. थेट सायीची बेरी जास्त निघते, गोडसर असते आणि तूप धरून ठेवते. वाटी एकच, पण तुमच्या केकमध्ये तूप जास्त गेलं. बेरी कोमट असतानाच गाळणीत चमच्यानं दाबा, खाली दोन-तीन चमचे तूप सहज निघेल. मगच मोजा. रवा दह्यात अर्धा तास भिजू द्या, सोडा अगदी शेवटी घाला आणि लगेच कढईत. पहिली पंचवीस मिनिटं झाकणाला हात लावू नका.

धागाकर्ती: झाकण तीनदा उघडलं. धाकटा "झाला का, झाला का" करत होता.

प्रतिसाद: ताई, बसलेल्या केकच्या बोटभर पट्ट्या कापा, जाड तव्यावर अगदी मंद आचेवर उलटसुलट करत कडक होऊ द्या. आतला ओला भागही वाळतो. आमच्याकडे त्याला टोस्टच म्हणतात, चहात बुडवून खातात. फक्त तवा सोडून जाऊ नका, साखरेमुळे पटकन करपतात.

धागाकर्ती: केल्या! चौदा पट्ट्या झाल्या, त्यातल्या दोन करपल्या, त्या मी खाल्ल्या. नाक मुरडणारेच आता डबा उघडून बघतायत. दाबून निघालेलं तूप पोळ्यांना लावलं. उरलेली बेरी फ्रीजरमध्ये टाकली आहे. पुढच्या रविवारची त्यात मिसळून केक केला तर चालेल का? की दोन्ही वेगवेगळ्या वापरू?