मदत हवी आहे: डिसेंबरातल्या गोरज मुहूर्ताचे फोटो

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात वाईला आहे, मुहूर्त गोरज. तेव्हा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे अंतरपाट दूर होईल तेव्हा आकाश निळसर आणि मांडवात पिवळे हॅलोजन. साखरपुड्याला हेच झालं: चेहरे केशरी, कडेला उभ्या आईची मोतिया पैठणी निळी. फार वाईट वाटलं.

माझ्याकडे ५० एमएम, एफ १.८ लेन्स आणि एक फ्लॅश आहे. फ्लॅशला नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचं रंग जुळवायचं सेटिंग, पिवळ्या दिव्यांसाठीच्या ३२०० केल्विनवर ठेवला, तर मागचं आकाश जास्तच निळं येईल का? उडत्या अक्षता स्पष्ट टिपायला शटरचा वेग १/२५० सेकंद पुरेल? मुंडावळ्यांच्या मोत्यांत अडकलेला तांदळाचा दाणासुद्धा दिसावा, असा तो फोटो मला हवाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर जोडीचे फोटो काढायचेत. कृष्णेवर धुकं असलं तर एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवावं ना? शालूचा रंग त्यात फिका पडू नये.

तिथे हिवाळ्यात कुणी फोटो काढले असतील, तर पायऱ्यांवर ऊन किती वाजता उतरतं, तेवढं नक्की सांगा.