माया चित्रभांडं: चकाकी जाते आणि नंतर टवके उडतात

चाकाविना
इ.स. ६०० ते ८०० च्या सुमाराच्या माया (मध्य अमेरिकेतली प्राचीन संस्कृती) दंडगोल भांड्याची प्रतिकृती करतोय. उंची २० सेंमी, भिंत ६ मिमी, वळ्या रचून. मातीत २० टक्के चुनखडीची पूड, वर फिकट पिवळसर मातीचा लेप, त्यावर लाल-काळं चित्र, मग इलेक्ट्रिक भट्टीत ९०० अंश सेल्सियस. घोटून आणलेली चकाकी भट्टीतून बाहेर येते ती मेलेलीच. शिवाय काही दिवसांनी नखाएवढे टवके उडतात, प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. वरून ग्लेझ (काचेसारखा थर) द्यायला हवं होतं का?

घोटणीवाला
ग्लेझचा प्रश्नच नाही. स्पॅनिश येईपर्यंत मेसोअमेरिकेत (मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा भाग) ग्लेझ नव्हतंच. ग्वाटेमालाच्या पॅसिफिक बाजूचं प्लंबेट नावाचं भांडं ग्लेझसारखं चमकतं, पण तोही बारीक, लोहयुक्त मातीचा लेपच आहे.

घोटल्यावर मातीचे चपटे कण आडवे निजतात, म्हणून भांडं चमकतं. ९०० च्या आसपास माती आवळायला लागते, कण हलतात आणि पृष्ठभाग मंद पडतो. ७५० वर थांबा.

लेपही तपासा. वजनाने १ भाग माती, ३ भाग पाणी, कोरड्या मातीच्या अर्धा टक्का सोडियम सिलिकेट (मातीचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवतं; ही आजची सोय, माया कुंभाराकडे नव्हती). हे मिश्रण एक दिवस न हलवता ठेवा. वरचं पाणी काढून टाका, मधला दुधासारखा थर नळीने ओढून घ्या, तोच लेप; तळाचा गाळ फेका. भांडं अर्धवट सुकल्यावर दोन-तीन पातळ हात द्या. ओली चमक गेली की लगेच अकिकाच्या गोट्याने घोटा. घाई केलीत तर लेप गोट्याला चिकटून उचलला जातो, उशीर केलात तर नुसते ओरखडे उठतात. बहुतेकांचं इथेच बिघडतं.

राखमिश्र
पांढरा ठिपका म्हणजे चुना. ७०० च्या पुढे चुनखडी फुटून कळीचा चुना होतो, तो हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि वरची माती ढकलून देतो. माया लोकांच्या साध्या वापराच्या भांड्यांत चुनखडी भरपूर सापडते, पण ती उघड्यावर कमी आचेत भाजलेली. सखल प्रदेशातल्या बऱ्याच चित्रभांड्यांत मात्र ज्वालामुखीची राख आहे. तुम्हीही प्यूमिसची (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) बारीक चाळलेली पूड १५ ते २० टक्के घाला. चुलीतली राख चालणार नाही, तिच्यातही चुना असतो.

चाकाविना
चुनखडी ठेवून मीठ घातलं तर?

राखमिश्र
कोरड्या मातीच्या १ टक्क्यापर्यंत मीठ घातलं की टवके कमी होतात, हे खरं. पण वाळताना मीठ पृष्ठभागावर येऊन पांढुरकी झाक धरतं. स्वयंपाकाच्या भांड्याला चालेल, चित्रावर ती झाक अजिबात नको.

लालकाळं
रंगांचं राहिलंच. इलेक्ट्रिक भट्टीत हवा खेळती असते, त्यामुळे नुसत्या लोहाचा काळा लाल होऊन बसतो. काळ्यासाठी मँगनीज लागेल. त्याची पूड हाताळताना मास्क घाला, आणि त्या भांड्यातून काही पिऊ नका. लालसाठी १ भाग गेरू, २ भाग तोच मातीचा लेप. माती नसेल तर भाजल्यावरही रंग बोटाला लागतो.

निळ्याचा मोह टाळा. माया निळा म्हणजे पॅलिगोर्स्काइट मातीत बसवलेली नीळ, ती भट्टीत जळून जाते. हवाच असेल तर मेक्सिकोतल्या टिओटिवाकान या प्राचीन शहराच्या तिपायी भांड्यांसारखं करा: भाजून झाल्यावर चुन्याचा पातळ गिलावा आणि त्यावर रंग. गिलावा पाण्याने सुटतो, म्हणून असं भांडं पुसायचं ते कोरड्या मऊ ब्रशनेच.

भट्टीचं म्हणाल तर १२० वर दोन तास थांबवा, मग ६०० पर्यंत तासाला १०० अंश. ५७३ ला मातीतला क्वार्ट्झ (गारेचं खनिज) एकदम फुगतो, उतरताना तिथेच आकसतो, म्हणून २०० च्या खाली येईपर्यंत झाकण उघडू नका.